पाण्यातलं फ्लोराईड: लिमिट नक्की किती, ४ की २ की १.५ की ०.७?

माझी मावसबहीण अमेरिकेत डॅलसजवळ राहते. मागच्या महिन्यात तिने मला त्यांच्या शहराच्या पाण्याचा वार्षिक रिपोर्ट पाठवला (तिकडे पाणीपुरवठा करणाऱ्यांना दरवर्षी असा रिपोर्ट ग्राहकांना द्यावाच लागतो), फ्लोराईडच्या ओळीभोवती लाल गोल केलेला आणि खाली मेसेज, "दादा, आमच्या पाण्यात ०.६ आहे आणि लिमिट ४ लिहिलंय, म्हणजे एकदम सेफ ना? मग बातम्यांमध्ये १.५ च्या वर मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो असं का सांगतायत? आणि १.५ ला धोका असेल तर ४ ला परवानगी कशी काय?" तिचं बाळ सहा महिन्यांचं आहे, पावडरच्या दुधावर आहे, आणि ते दूध नळाच्याच पाण्यात कालवलं जातं, त्यामुळे तिची काळजी अगदी खरी होती.

मी काही वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम केलंय त्यामुळे घरातले असे सगळे प्रश्न फिरून माझ्याकडेच येतात, पण हा प्रश्न इतका नेमका होता की फोनवर अर्धा तास बोलूनही माझं समाधान झालं नाही, म्हणून सगळं नीट लिहून काढतोय. तिच्या समजण्यात काहीच चूक नाहीये, आकडे खरंच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत ते कळलं की हा सगळा वाद कळतो.

आधी मोजमाप. रिपोर्टमध्ये कुठे मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, कुठे पीपीएम, पाण्याच्या बाबतीत दोन्ही एकच समजा. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो म्हणजे १० लाख मिलिग्रॅम, त्यात १ मिलिग्रॅम फ्लोराईड म्हणजे १० लाखात एक भाग. हे येतं मुख्यतः खडकातून. ग्रॅनाइटसारख्या खडकांमध्ये फ्लोराईडची खनिजं असतात, पाणी जितकं खोल आणि जितका जास्त काळ त्या खडकात मुरलेलं तितकं फ्लोराईड जास्त, आणि पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर आणखी जास्त, कारण कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराईड त्याच्याशी जोडलं जाऊन खाली बसतं. नदी तलावाच्या पाण्यात ते सहसा कमीच सापडतं, बोअरच्या पाण्यात जास्त. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण थोडं वाढतंच.

आता गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावात. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा नवाच दंतवैद्य तिथे दवाखाना टाकायला गेला तर त्याला दिसलं की तिथेच वाढलेल्या कितीतरी लोकांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत, घासून न जाणारे. पुढे हेही लक्षात आलं की हे डागाळलेले दात किडत मात्र कमी होते. कारण सापडायला तीस वर्षं लागली. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या चर्चिल नावाच्या केमिस्टने आर्कान्सातल्या बॉक्साइट गावाचं पाणी तपासलं, कारण लोक दातांच्या डागांचं खापर ॲल्युमिनियमवर फोडतील अशी कंपनीला भीती होती, आणि सापडलं फ्लोराईड. मग सरकारी दंतवैद्य ट्रेंडली डीन यांनी गावोगावचं पाणी आणि गावोगावच्या मुलांचे दात ताडून पाहिले आणि साधारण १ पीपीएमच्या आसपास किडणं कमी आणि डागही फारसे नाहीत असा एक टप्पा त्यांना दिसला. जानेवारी १९४५ मध्ये मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराईड मिसळायला सुरुवात केली, जगात पहिल्यांदाच. आज अमेरिकेत साधारण २० कोटी लोकांना असं पाणी मिळतं.

म्हणजे फायदा आणि नुकसान दोन्ही एकाच निरीक्षणातून, एकाच गावातल्या त्याच दातांमधून कळलेलं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण वाद घालणारे लोक बहुतेक वेळा यातलं एकच अर्धं उचलतात.

इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि सगळा घोळ ते एकत्र केल्यामुळे होतो. पहिला, फ्लोराईड मिसळायचंच असेल तर किती मिसळायचं? याचं उत्तर सार्वजनिक आरोग्य खातं देतं, तो नुसता सल्ला आहे, आणि तो आकडा २०१५ पासून ०.७ आहे. दुसरा प्रश्न, फ्लोराईड कुठूनही आलेलं असो, खडकातून किंवा टाकीतून, जास्तीत जास्त किती चालेल? याचं उत्तर ईपीए म्हणजे तिथली पर्यावरण संरक्षण संस्था देते, तो कायदा आहे आणि तो आकडा ४. माझ्या बहिणीच्या रिपोर्टमध्ये ०.६ हे पहिल्या प्रश्नाच्या हिशोबाने आलेलं होतं आणि त्याच्या शेजारी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं होतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की वा, केवढी मोकळी जागा आहे.

हा ४ कुठून आला ती गोष्ट मात्र तपशिलात सांगायलाच हवी. १९७५ च्या नियमात कमाल मर्यादा १.४ ते २.४ होती, हवामानाप्रमाणे, म्हणजे उष्ण प्रदेशात लोक जास्त पाणी पितात म्हणून तिथे कमी आणि थंड प्रदेशात जास्त. हिशोब दातांचा होता, याच्या वर गेलं की दात खराब दिसतात. पण काही राज्यांमध्ये बोअरच्या पाण्यात नैसर्गिक फ्लोराईडच यापेक्षा जास्त, आणि ते काढायचा खर्च छोट्या छोट्या गावांवर. १९८१ मध्ये साउथ कॅरोलायना राज्याने अर्जच केला की फ्लोराईड सक्तीच्या मर्यादांच्या यादीतून काढून टाका. मग चर्चा या प्रश्नावर आली की डागाळलेले, खड्डे पडलेले दात हा आजार आहे की नुसता दिसण्याचा प्रश्न? ईपीएने ठरवलं की दिसण्याचा प्रश्न. एकदा हे ठरलं की दात हिशोबातून बाहेर पडले आणि उरली हाडं. हाडांचा सगळ्यात वाईट आजार, ज्यात माणूस अक्षरशः वाकून जखडतो, तो व्हायला रोज २० मिलिग्रॅम फ्लोराईड वर्षानुवर्षं पोटात जावं लागतं असं धरलं. माणूस दिवसाला २ लिटर पाणी पितो असं धरलं. २० ला २ ने भागलं, आले १०. त्याला सुरक्षिततेसाठी अडीचने भागलं, आले ४. बस, १९८६ पासूनचा कायदा तो हा.

आता या गणितात तीन गोष्टी माणसांनी ठरवलेल्या आहेत ते बघा. कोणत्या नुकसानाला नुकसान म्हणायचं, माणूस किती पाणी पितो, आणि सावधगिरी म्हणून किती पटीचं अंतर ठेवायचं. यातली एक जरी बदलली तरी उत्तर वेगळं येतं. विषारी पदार्थांच्या बाबतीत दहा पट अंतर ठेवायची पद्धत अगदी नेहमीची आहे, इथे अडीच पट. एनआरडीसी ही पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेली होती की ४ फार ढिलं आहे, पण १९८७ मध्ये कोर्टाने ईपीएचा निर्णय कायम ठेवला.

आणि ईपीएला स्वतःलाही दात पूर्ण सोडून देता आले नाहीत, म्हणून त्यांनी २ असा दुसरा एक आकडा ठेवला जो पाळायची सक्ती नाही, पण पाणी २ च्या वर गेलं तर लोकांना नोटीस द्यायची की नऊ वर्षांखालच्या मुलांना दुसरं पाणी द्या. म्हणजे ३ पीपीएमचं पाणी कायद्याने पास, आणि त्याच पाण्याबद्दल आईबापांना सांगायचं की हे मुलांना देऊ नका! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. नऊ वर्षं यासाठी की दातांचं एनॅमल म्हणजे वरचं कडक आवरण लहानपणी हिरडीच्या आतच तयार होत असतं आणि तेव्हाच जास्त फ्लोराईड गेलं तर ते सच्छिद्र राहतं, मग त्यात डाग धरतात, खड्डे पडतात. एकदा दात तयार झाल्यावर हा परिणाम होत नाही, आणि झालेला परिणाम आपोआप भरूनही येत नाही.

२००६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या १२ तज्ज्ञांच्या समितीने ईपीएच्या सांगण्यावरूनच हे सगळं परत तपासलं. समितीने एकमताने सांगितलं की ४ हा आकडा खाली आणा. त्यांचं म्हणणं, ४ च्या आसपास पाणी असलेल्या गावांमध्ये साधारण १० टक्के मुलांना दातांचा तीव्र फ्लोरोसिस (जास्त फ्लोराईडमुळे होणारा आजार) होतो, एनॅमल हे दाताचं संरक्षण आहे आणि तेच तुटत असेल तर याला नुसतं दिसणं म्हणता येणार नाही (सगळे सदस्य यावर एक नव्हते, बहुतेक होते), शिवाय आयुष्यभर असं पाणी प्यायलं तर हाड मोडायचा धोकाही वाढतो असं बहुतेकांचं मत पडलं. २ च्या खाली तीव्र फ्लोरोसिस जवळजवळ शून्यावर येतो. ०.७ ते १.२ हा तेव्हाचा मिसळायचा आकडा बरोबर की चूक हे त्यांना विचारलेलंच नव्हतं आणि त्यांनी ते सांगितलंही नाही, तरी दोन्ही बाजूंचे लोक या रिपोर्टमधून आपापल्या सोयीची वाक्यं काढत आले आहेत. पुढे २०१५ मध्ये मिसळायचा सल्ला ०.७ वर आणला गेला, पण कायद्यातला ४ मात्र तसाच राहिला.

मग बुद्धीचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅम या सरकारी संस्थेने बऱ्याच वर्षांचं काम छापलं. त्यांनी चांगल्या दर्जाचे म्हणून १९ अभ्यास धरले, त्यातल्या १८ मध्ये जास्त फ्लोराईड आणि मुलांचा कमी आयक्यू एकत्र दिसले. निष्कर्ष असा की १.५ पेक्षा जास्त फ्लोराईडच्या बाबतीत हा संबंध आहे असं मध्यम खात्रीने म्हणता येतं, आणि ०.७ ला परिणाम होतो की नाही हे सांगायला पुरेशी माहिती नाही. यातला एकही अभ्यास अमेरिकेतला नव्हता, चीन, भारत, इराण, मेक्सिको, कॅनडा अशा देशांमधले होते. टीका करणारे सांगतात की बऱ्याच अभ्यासांमध्ये मुलांना एकदाच तपासलंय, आणि ज्या गावात फ्लोराईड जास्त तिथे गरिबी, आर्सेनिक, कुपोषण असं बाकीचंही बरंच काही असतं. न्यूझीलंडमध्ये डुनेडिनला १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांवर लक्ष ठेवलेला अभ्यास आहे, त्यात फ्लोराईड मिसळलेल्या भागातल्या आणि बाकीच्या मुलांच्या आयक्यूत फरक दिसला नाही. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं मनावर घेण्यासारखं वाटतं, पण एक गोष्ट मात्र स्पष्ट आहे, १.५ वर एवढे प्रश्न उभे राहिलेले असताना ४ ला कायदेशीर म्हणत राहणं मला तरी पटत नाही. तिथल्या सरकारी अंदाजानुसार सुमारे १९ लाख अमेरिकन लोकांच्या नळाला नैसर्गिकपणेच १.५ किंवा जास्त फ्लोराईडचं पाणी येतं. टीव्हीवर भांडण चालतं ०.७ वर आणि या १९ लाखांबद्दल कोणी फारसं बोलतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातले फेडरल जज एडवर्ड चेन यांनी निकाल दिला की ०.७ च्या फ्लोराईडमुळे मुलांच्या बुद्धीला अवाजवी धोका आहे आणि ईपीएने त्यावर काहीतरी पाऊल उचललं पाहिजे. हे वाचून बऱ्याच जणांना वाटलं की ०.७ विषारी आहे हे सिद्ध झालं. तसं नाहीये, जजनी स्वतःच लिहिलंय की असं पाणी नक्की अपायकारक आहे असा हा निष्कर्ष नाही. त्यांचं गणित परत तेच, अंतराचं. ४ ला परिणाम दिसतो असं जरी धरलं, आणि नेहमीचं दहा पट अंतर ठेवलं, तर सुरक्षित आकडा येतो ०.४, आणि लोक पितायत ०.७. अडीचने भागलं तेव्हा ४ चालत होते, दहाने भागलं तर ०.७ सुद्धा चालत नाही. ईपीएने त्यावर अपील केलं. २०२५ मध्ये यूटा आणि पाठोपाठ फ्लोरिडा या राज्यांनी पाण्यात फ्लोराईड मिसळणंच बंद केलं.

दुसरीकडे कॅनडात कॅलगरी शहराने २०११ मध्ये मिसळणं बंद केलं होतं, त्याच प्रांतातल्या एडमंटनने चालू ठेवलं, आणि सात आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दुधाचे दात तपासले तर कॅलगरीत जवळपास ६५ टक्के मुलांना कीड होती आणि एडमंटनमध्ये ५५ टक्के. लोकांनी २०२१ मध्ये मतदान करून फ्लोराईड परत मागितलं आणि २०२५ मध्ये ते परत सुरूही झालं. म्हणजे फायदा अजूनही आहे, पण पूर्वीपेक्षा कमी झालाय, कारण आता घरोघरी फ्लोराईडची पेस्ट आली, आणि आता हेही कळलंय की फ्लोराईडचं काम मुख्यतः दाताला बाहेरून लागल्यामुळे होतं, पोटात गेल्यामुळे तितकं नाही. युरोपातले बहुतेक देश पाण्यात मिसळतच नाहीत.

आता आपल्याकडे. हे ठळक सांगतो कारण दर दोन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरतो: आपल्या नगरपालिका पाण्यात फ्लोराईड मिसळत नाहीत. क्लोरीन टाकतात, तुरटी टाकतात, फ्लोराईड नाही. आपला प्रश्न बरोबर उलटा आहे, जमिनीतून आलेलं जास्तीचं फ्लोराईड काढायचं कसं. भारतात फ्लोरोसिस पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३७ मध्ये, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरकडे. आपल्याकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही गावांमध्ये पिवळे तपकिरी पट्टे पडलेले दात मी स्वतः सॅम्पल घ्यायला गेलो तेव्हा पाहिलेत, शाळेतली पोरं तोंडावर हात धरून हसायची. आणि हाडांवर गेलं तर मान वळत नाही, उकिडवं बसता येत नाही, आणि लोक त्याला साधा वात समजून वर्षानुवर्षं मालिश करत राहतात.

पिण्याच्या पाण्याचं आपलं स्टँडर्ड म्हणजे आयएस १०५००, त्यात दोन रकाने आहेत. पहिल्यात १, म्हणजे पाणी असंच असायला हवं. दुसऱ्यात १.५, पण त्याची अट अशी की दुसरा पाण्याचा स्रोत नसेल तरच. लॅबमध्ये असताना माझा अनुभव असा की रिपोर्ट नेणारा माणूस दुसराच रकाना वाचतो, १.४ आलं की "पास आहे ना?" म्हणून निघून जातो. दोष त्याचा नाही, त्याला पहिल्या रकान्याचा अर्थ कोणी सांगितलेलाच नसतो.

आणि आपल्यासाठी १.५ सुद्धा किती मोठं आहे ते अमेरिकेच्याच गणिताने बघा. तिकडे २ लिटर गुणिले ४, रोजचे ८ मिलिग्रॅम, ज्यावर एवढी भांडणं झाली. यवतमाळकडे मे महिन्यात शेतात राबणारी बाई दिवसाला ५ लिटर पाणी सहज पिते, १.५ च्या पाण्यातून तिच्या पोटात जातात ७.५. जवळपास तेवढेच! त्यात चहा धरलेला नाही, चहाच्या पानातही फ्लोराईड असतं, आणि स्वयंपाकाचं पाणीही धरलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना १.५ हा आकडा सांगते पण सोबत हेही सांगते की देशाने आपलं हवामान आणि लोक किती पाणी पितात ते बघून स्वतःचा आकडा ठरवावा, आणि रोजचे साधारण ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की हाडांचा धोका वाढत असल्याच्या खुणा दिसतात. जेवणात दूध, कॅल्शियम कमी असेल तर त्रास आणखी लवकर.

काढायची पद्धत आपल्याच नागपूरच्या नीरी या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात बसवून दिली, तेव्हाच्या आंध्रमधल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिचं नाव नलगोंडा पद्धत. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरल्या प्रमाणात टाकायची, ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. वीज नको, महाग यंत्र नको. अडचण एवढीच की प्रमाण पाण्यागणिक बदलतं, रोज कोणीतरी मन लावून करावं लागतं, आणि खाली राहिलेल्या फ्लोराईडच्या गाळाचं नीट काहीतरी करावं लागतं. आरओनेही फ्लोराईड बरंच निघतं, पण ज्या वाडीत बिलापायी मोटर बंद असते तिथे आरओ कोण चालवणार. साध्या कापडाने किंवा कँडलच्या फिल्टरने काही होत नाही.

बहिणीला मी एवढंच सांगितलं की ०.६ ला घाबरून जाऊ नकोस, पण ४ कडे बघून निश्चिंतही होऊ नकोस, तो आकडा तुझ्या बाळासाठी काढलेलाच नाही. सगळं दूध पावडरचंच असेल तर दातांवर हलके पांढरे ठिपके येण्याची थोडी शक्यता असते, म्हणून तिकडचे आरोग्यवालेच सांगतात की अधूनमधून डिस्टिल्ड किंवा प्युरिफाइड लिहिलेलं बाटलीतलं पाणी वापरलं तरी चालेल, तुझ्या डॉक्टरांना विचारून कर. पेस्ट सुरू करशील तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी, आणि थुंकायला शिकव.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, आईकडच्या बोअरचं पाणी कधी तपासलंय का रे? मावशी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात राहते. तिचे गुडघे आणि कंबर दहा वर्षांपासून दुखतायत आणि आम्ही सगळे वय झालं म्हणत आलो, मी लॅबमध्ये असतानासुद्धा. काल मी मावशीच्या धाकट्याला फोन करून सांगितलं की बोअर पाच मिनिटं चालू ठेव आणि मग एक लिटरची प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून गच्च भर, काचेची नको, काचेत फ्लोराईड बरोबर येत नाही, आणि बाटलीवर तारीख आणि बोअर किती फूट आहे ते लिही. सोमवारी एसटीने पाठवतो म्हणालाय.